डॉक्टरांच्या पदोन्नतीची फाइल नेमकी कुठे अडते?

परभणी : सरकारी आरोग्य सेवेत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या डॉक्टरला वरच्या श्रेणीत जायचे असेल तर त्याने काय करावे, असा प्रश्न विचारला की बहुतेकांचे उत्तर 'अर्ज करावा' असे असते. ते उत्तर अपुरे आहे. शासकीय सेवेतील नियमित पदोन्नतीसाठी अर्जाचा नमुनाच नाही. तेथे कागदपत्रे डॉक्टरच्या वतीने बोलतात. ती पूर्ण नसतील तर समितीसमोर डॉक्टरचे नावच जात नाही आणि तसे झाल्याचे त्याला अनेकदा वर्षभराने कळते. अर्ज करावा लागतो तो दुसऱ्या दोन वाटांनी. त्यातील एक वाट लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची आहे. दुसरी, वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदाची वाट, परभणीसारख्या जिल्ह्यात अगदी अलीकडे उघडली आहे.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा अशा नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात सरकारी डॉक्टर दोन वेगवेगळ्या छत्रांखाली काम करतात. झरी, दैठणा, चारठाणा यांसारख्या गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असून तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांवर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांचे नियंत्रण असते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या यंत्रणेत येतात. दोन्हीकडचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय व आरोग्य सेवेतीलच असतात व त्यांच्या बदल्याही इकडून तिकडे होतात. या प्रवासात डॉक्टर वेळेवर पोहोचतो, सेवापुस्तक मात्र मागे राहते. पदोन्नतीच्या अनेक तक्रारींचे मूळ या साध्या गोष्टीत सापडते.

पदोन्नतीचा हक्क आणि विचार होण्याचा हक्क

कायद्याची भूमिका प्रथम समजून घेतली पाहिजे. पदोन्नती हा कर्मचाऱ्याचा हक्क नाही. परंतु पात्र झाल्यावर पदोन्नतीसाठी आपला विचार व्हावा, हा मात्र मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. हा फरक वरवर शाब्दिक वाटतो. पण न्यायाधिकरणात सारा युक्तिवाद त्यावरच उभा राहतो. 'मला पदोन्नती द्या' अशी मागणी टिकत नाही. 'माझ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याचा विचार झाला, माझा झाला नाही' हे म्हणणे टिकते.

हा विचार विभागीय पदोन्नती समिती करते. समितीच्या पुढे सर्वप्रथम येते ती ज्येष्ठता यादी. दरवर्षी १ जानेवारी रोजीची स्थिती दाखविणारी यादी आधी तात्पुरती म्हणून प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती मागविल्या जातात आणि नंतर ती अंतिम होते. यादी राज्यभराची असल्याने ती कित्येक पानांची असते. परभणीच्या एखाद्या आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती, शवविच्छेदन, लसीकरण आणि बैठका यांत गुंतलेला डॉक्टर ती उघडून पाहतोच असे नाही. जन्मतारीख, रुजू दिनांक, जात प्रवर्ग किंवा पदव्युत्तर अर्हता यांतील एखादी नोंद चुकली असेल आणि हरकतीची मुदत टळून गेली असेल, तर तीच चूक पुढच्या यादीत जशीच्या तशी उतरते. काही वर्षांनी ती चूक म्हणून नव्हे, तर अभिलेख म्हणून ओळखली जाते.

रुजू दिनांकाचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. मराठवाड्यातील कित्येक डॉक्टरांनी सेवेची सुरुवात अस्थायी नियुक्तीने केली. ठरावीक महिन्यांची नियुक्ती, मध्ये एखाद्या दिवसाचा खंड, पुन्हा नियुक्ती अशा क्रमाने त्यांची वर्षे गेली आणि पुढे केव्हातरी त्यांचे समावेशन झाले. मग ज्येष्ठता मोजायची कोठून, पहिल्या दिवसापासून की समावेशनाच्या आदेशापासून? यावरचा पायाभूत निकालही महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. थेट भरतीच्या वर्ग दोन अभियंत्यांच्या संघटनेने राज्य शासनाविरुद्ध लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये दोन सूत्रे घालून दिली. नियुक्ती नियमांनुसार झाली असेल तर ज्येष्ठता नियुक्तीच्या दिनांकापासून मोजावी. ती निव्वळ तात्पुरती सोय म्हणून, नियम बाजूला ठेवून झाली असेल तर तो काळ धरता येणार नाही. मात्र प्रक्रियेत उणीव असूनही अधिकारी अखंड काम करीत राहिला आणि पुढे नियमांनुसार नियमित झाला, तर मधला काळ मोजावा. सूत्रे स्पष्ट आहेत. प्रत्यक्षात वाद 'अखंड' या एका शब्दापाशी येऊन थांबतो आणि कागदावरचा एक दिवसाचा तांत्रिक खंड डॉक्टरच्या वाटेत उभा राहतो.

पाच वर्षांचे अहवाल

ज्येष्ठतेनंतर येते पात्रता. समिती सामान्यतः मागील पाच वर्षांचे कार्यमूल्यांकन अहवाल पाहते. पूर्वी याला गोपनीय अहवाल म्हणत आणि तो खरोखरच गोपनीय असे. साहेबांनी काय लिहिले हे कारकुनाला ठाऊक असे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला नसे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालाने हे चित्र बदलले. अहवालातील प्रत्येक नोंद, ती प्रतिकूल असो वा चांगली, संबंधिताला कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कारणही व्यवहारी होते. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही. पण पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' लागत असेल तर 'चांगला' हाच शेरा घातक ठरतो, आणि न कळविलेल्या शेऱ्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

आता गट-अ व गट-ब अधिकाऱ्यांचे अहवाल 'महापार' या ऑनलाइन प्रणालीत भरले जातात. अधिकाऱ्याने आधी स्वयंमूल्यांकन भरायचे, मग प्रतिवेदन अधिकारी लिहितो, नंतर पुनर्विलोकन होते. कागद गहाळ होण्याचा धोका त्यामुळे कमी झाला आहे. तरीही एक अडचण उरते, ती म्हणजे वरिष्ठांच्या बदल्यांची. ज्या वरिष्ठाच्या हाताखाली किमान तीन महिने काम झाले असेल त्यालाच अहवाल लिहिता येतो. एका आर्थिक वर्षात वरिष्ठाच्या खुर्चीवर नियमित अधिकारी, मग प्रभारी, मग पुन्हा नियमित अशी अदलाबदल झाली, तर वर्षाचे तुकडे पडतात आणि एखादा तुकडा कोणीच लिहीत नाही. निवृत्त झालेल्या किंवा दूरच्या जिल्ह्यात गेलेल्या वरिष्ठाकडून तीन वर्षांपूर्वीचा अहवाल मिळविणे किती कष्टाचे असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. ज्या जिल्ह्यांत वरिष्ठ पदे रिक्त राहतात तेथील डॉक्टरांना हा भुर्दंड अधिक बसतो. त्यात त्यांचा दोष काहीच नसतो.

यांच्या जोडीला कागदांची दुसरी चळत असते. परिवीक्षा कालावधी पूर्ण केल्याचा आदेश, स्थायित्व प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातील अधिकाऱ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्र, दरवर्षीचे मत्ता व दायित्व विवरणपत्र, मराठी व हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण अथवा सूट मिळाल्याची नोंद, आणि विभागीय चौकशी सुरू किंवा प्रस्तावित नसल्याचे प्रमाणपत्र. यांतील एकही कागद अवघड नाही. मात्र प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावर तयार होतो. भाषा परीक्षेतून सूट मिळण्यास पात्र असलेला डॉक्टर सुटीचा आदेशच काढून घेत नाही, कारण ज्याचे शालेय शिक्षण मराठीत झाले त्याला मराठीची परीक्षा लागू असेल असे वाटतच नाही.

चौकशी आणि मोहोरबंद पाकीट

डॉक्टरांच्या बाबतीत चौकशीचा मुद्दा इतर खात्यांपेक्षा अधिक वेळा येतो. माता किंवा अर्भक दगावले, नातेवाइकांनी तक्रार केली, वर्तमानपत्रात बातमी आली की चौकशी समिती नेमली जाते. बहुतेक प्रकरणे प्राथमिक टप्प्यातच संपतात. परंतु 'चौकशी प्रलंबित' एवढे दोन शब्द फाइलवर राहिले तर पदोन्नतीचा प्रस्ताव तेथेच थबकतो.

याबाबत नियम डॉक्टरच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. भारत सरकार विरुद्ध के. व्ही. जानकीरामन या १९९१ च्या निकालानुसार, दोषारोपपत्र बजावल्यानंतरच किंवा फौजदारी प्रकरणात न्यायालयात आरोपपत्र दाखल झाल्यानंतरच मोहोरबंद पाकिटाची पद्धत वापरता येते. नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी यासाठी पुरेशी नाही. मोहोरबंद पाकीट म्हणजे समितीने त्या अधिकाऱ्याचाही विचार करायचा, निष्कर्ष पाकिटात बंद करायचा आणि चौकशीचा निकाल लागल्यावर ते उघडायचे. अधिकारी पूर्णपणे निर्दोष ठरला तर त्याला ज्या दिवशी पदोन्नती मिळाली असती तो दिनांक मिळतो. त्यालाच सेवा नियमांच्या भाषेत मानीव दिनांक म्हणतात. पूर्ण निर्दोष ठरलेल्या अधिकाऱ्याला 'काम नाही तर वेतन नाही' हे तत्त्व सरसकट लावता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

वेतनात किती फरक पडतो?

पदोन्नतीचा आर्थिक अर्थ आकड्यांत पाहिला तर चित्र स्पष्ट होते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचा स्तर एस-२० असून वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५०० रुपये आहे. समजा, एका डॉक्टरने ५६,१०० रुपयांवर सुरुवात केली. नऊ वार्षिक वेतनवाढींनंतर त्याचे मूळ वेतन ७३,२०० रुपये होते. एस-२३ या स्तराची (६७,७०० ते २,०८,७००) पदोन्नती त्याला या टप्प्यावर मिळाली, तर आधी जुन्या स्तरात एक वेतनवाढ धरली जाते. त्याने आकडा ७५,४०० होतो आणि नव्या स्तरातील त्याच्या लगतचा वरचा टप्पा ७६,२०० रुपये आहे. म्हणजे मूळ वेतनातील प्रत्यक्ष वाढ ३,००० रुपयांची.

एवढ्यासाठी इतका आटापिटा कशाला, असे कोणी म्हणेल. पण मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता मोजला जातो. पुढची प्रत्येक वेतनवाढ वरच्या स्तरात पडते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांचे निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे असते. त्यामुळे दहाव्या वर्षी मिळायची पदोन्नती अठराव्या वर्षी मिळाली तर त्या आठ वर्षांचे नुकसान केवळ आठ वर्षांपुरते राहत नाही.

पदे मर्यादित असल्याने सर्वांना पदोन्नती मिळणे शक्य नाही, हे शासनानेही मान्य केले आहे. त्यातूनच १९९५ मध्ये गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांसाठी कालबद्ध पदोन्नती योजना आली, तिच्या जागी २००१ मध्ये सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली, आणि २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनाचे लाभ देण्याची तरतूद १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. यात पद तेच राहते, वेतन मात्र वरच्या पदाचे मिळते. यालाही अटी आहेत. पदोन्नतीसाठी लागणारी अर्हता, अहवालांची प्रतवारी आणि परीक्षा यांची पूर्तता येथेही करावी लागते. योजनेला वेतनस्तराची वरची मर्यादा आहे आणि गट-अ डॉक्टरांचा मूळ स्तरच उंच असल्याने ही मर्यादा त्यांना लवकर गाठते.

केंद्र सरकारच्या डॉक्टरांची स्थिती वेगळी आहे. टिक्कू समितीच्या शिफारशींनंतर तेथे डॉक्टरांसाठी गतिमान आश्वासित प्रगती योजना आली. ऑक्टोबर २००८ च्या आदेशाने ती विस्तारली. तिच्यानुसार सामान्य कर्तव्यावरील डॉक्टरला ४, ९, १३ आणि २० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या श्रेणी मिळतात आणि त्यासाठी रिक्त पदाची वाट पाहावी लागत नाही. राज्यातील राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या 'मॅग्मो' या संघटनेने हीच पद्धत महाराष्ट्रात लागू करण्याची मागणी वेळोवेळी केली. जुलै २०१४ मध्ये संघटनेने राज्यभर संप केला, तेव्हा सेवाविषयक मागण्या केंद्रस्थानी होत्या. संपामुळे रुग्णांचे हाल झाले, हे खरे. ज्या डॉक्टरांनी संप केला त्यांत दहा-दहा वर्षे एकाच पदनामावर काम करणारे अनेक होते, हेही तितकेच खरे.

आरक्षणाचा तिढा, महसुली विभागाची चिठ्ठी

गेल्या काही वर्षांत पदोन्नती रखडण्याचे एक कारण न्यायालयीन आहे. पदोन्नतीतील आरक्षणाविषयीचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २० एप्रिल २०२१ च्या आदेशाने पदोन्नतीतील ३३ टक्के आरक्षित पदे रिक्त ठेवून उरलेली भरण्याचे ठरले. अवघ्या काही दिवसांत, ७ मे २०२१ रोजी तो आदेश बदलून सर्व पदे २५ मे २००४ च्या स्थितीनुसारच्या सेवाज्येष्ठतेने, सर्वोच्च न्यायालयातील अंतिम निर्णयाच्या अधीन राहून भरण्याचा निर्णय झाला. सर्वच खात्यांच्या याद्या या काळात उलटसुलट झाल्या. ज्यांना पदोन्नती मिळाली त्यांच्या आदेशावरही 'अधीन राहून' हा शब्दप्रयोग कायम राहिला.

पदोन्नती मिळाल्यावर जायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. गट-अ व गट-ब अधिकाऱ्यांसाठी महसुली विभाग वाटपाचे नियम २०१५ पासून करण्यात आले आणि नंतर ते सुधारण्यात आले. विदर्भ-मराठवाड्यातील पदे रिक्त राहतात म्हणून हे नियम आले आणि तो हेतू योग्यच होता. परभणी जिल्हा आरोग्य खात्याच्या छत्रपती संभाजीनगर परिमंडळात येतो. या भागाला त्या नियमांचा लाभ व्हावा, अशी अपेक्षा होती. परंतु प्रत्येक नियमाला दोन टोके असतात. पुण्या-मुंबईकडील अधिकारी पदोन्नतीने इकडे नेमला गेला की रजा, विनंती आणि फेरबदल यांचा क्रम सुरू होतो. दुसरीकडे, मुलांचे शिक्षण आणि वृद्ध आई-वडील परभणीत असलेला डॉक्टर शेकडो किलोमीटर दूरची पदोन्नती पाहून नकार लिहून देतो. नकार लिहून देणे सोपे आहे. परिणाम मात्र दूरगामी असतात. निवडसूचीतून नाव वगळले जाते, पुढची काही वर्षे विचार होत नाही आणि आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही पाणी सोडावे लागते. हा शेवटचा परिणाम नकार लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना नंतर कळतो.

रिक्त पदांमुळे 'प्रभारी' हे पदनाम आरोग्य खात्यात जणू स्थायी झाले आहे. वैद्यकीय अधिकारी स्वतःचे केंद्र सांभाळून शेजारच्या केंद्राचा, कधी तालुक्याचा कार्यभार पाहतो. जबाबदारी, स्वाक्षऱ्या, विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे, लेखापरीक्षणाचे आक्षेप हे सारे त्याच्या वाट्याला येते. ज्येष्ठतेत मात्र या प्रभाराला गुण नाहीत.

आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकाऱ्यांची कथा याहून बिकट आहे. दुर्गम आरोग्य केंद्रांचा भार त्यांनी वर्षानुवर्षे वाहिला. पण वरच्या बहुतेक पदांसाठी एमबीबीएसची अर्हता लागत असल्याने गट-ब मधील अनेकांसमोर शिडीच नाही, केवळ पहिली पायरी आहे. २०२४ मध्ये गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या १,७२९ पदांची जाहिरात निघाली, तीत आयुर्वेद पदवीधरांसाठीही काही जागा होत्या. त्यामुळे नव्याने आलेला पदवीधर गट-अ मध्ये आणि त्याला केंद्राचे काम शिकविणारा ज्येष्ठ गट-ब मध्ये, अशीही स्थिती संभवते.

अर्ज करावा लागतो त्या दोन वाटा

जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि विशेषज्ञ या संवर्गांतील पदांचा काही भाग पदोन्नतीने, तर काही भाग महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सरळसेवा भरतीने भरला जातो. सेवेत असलेला डॉक्टर या जाहिरातीला अर्ज करू शकतो. पदव्युत्तर अर्हता, अनुभवाचे प्रमाणपत्र आणि कार्यालयामार्फत योग्य मार्गाने अर्ज या तीन गोष्टी येथे निर्णायक असतात. अनुभवाच्या प्रमाणपत्रात पदनाम, कालावधी आणि कामाचे स्वरूप स्पष्ट नसेल तर छाननीत उमेदवार बाद होतो. पदव्युत्तर अर्हतेसाठी सेवेतील डॉक्टरांना स्वतंत्र कोटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये २० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय घेतला. खेड्यात काम केलेल्या डॉक्टरला एम.डी. किंवा एम.एस. होऊन परत येण्याची ही खरी संधी आहे.

दुसरी वाट परभणीत २०२३ नंतर दिसू लागली. शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्या वर्षी सुरू झाले. महाविद्यालय आले की अध्यापक लागतात, आणि अध्यापकांची टंचाई तर देशभर आहे. जिल्हा रुग्णालयात वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करणारा अनुभवी सर्जन पूर्वी अध्यापक होऊ शकत नव्हता, कारण वरिष्ठ निवासी म्हणून महाविद्यालयात काम केल्याची अट त्याच्याकडून पूर्ण होत नसे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने जुलै २०२५ मध्ये अध्यापकांच्या अर्हतेचे नवे विनियम लागू केले आणि ही अट सैल केली. किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात पदव्युत्तर पदवीसह दोन वर्षे काम केलेला डॉक्टर सहायक प्राध्यापक होण्यास, तर दहा वर्षे काम केलेला विशेषज्ञ सहयोगी प्राध्यापक होण्यास पात्र ठरू शकतो. जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम मात्र त्याला ठरावीक मुदतीत पूर्ण करावा लागतो. पदविकाधारकांसाठीही सहा वर्षांच्या अनुभवाच्या आधारे काही सवलती आहेत.

या विनियमांत एक बारीक अक्षर आहे, ते २२० खाटांचे. ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते. उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचे. म्हणजे गंगाखेड किंवा सेलूला पंधरा वर्षे बाळंतपणे करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा अनुभव या मोजपट्टीत बसत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वर्षे काढलेल्याचा बसतो. रुग्ण पाहण्याच्या अनुभवाला महत्त्व देणाऱ्या विनियमांनी तालुक्याचा अनुभव वगळावा, हे न पटणारे आहे. दुसरी गंमत पदांच्या गटाची. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण सेवेत सहायक प्राध्यापक हे पद गट-ब मध्ये मोडते. आरोग्य सेवेतील गट-अ वैद्यकीय अधिकारी तेथे गेला तर नावापुढे प्राध्यापक लागते आणि गट खाली येतो. दोन्ही सेवा वेगवेगळ्या विभागांच्या असल्याने जुनी ज्येष्ठताही सोबत नेता येत नाही. अर्ज करण्यापूर्वी वेतन संरक्षण, निवृत्तिवेतनासाठी सेवा जोडून मिळणे आणि मूळ पदावर परतण्याचा हक्क या तीन बाबी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

परदेशात याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले गेले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, जेथे मराठी डॉक्टरही मोठ्या संख्येने आहेत, प्रशिक्षणाच्या ठरीव चाकोरीबाहेर अनुभवी झालेल्या डॉक्टरांची वरची श्रेणी २००८ मध्ये नव्या नेमणुकांसाठी बंद झाली होती. २०२१ मध्ये 'स्पेशालिस्ट' ही नवी श्रेणी आली. पदवीनंतर बारा वर्षांचे काम, त्यांतील सहा वर्षे संबंधित विषयात, आणि कौशल्याचा लेखी पुरावा अशा अटी आहेत. मात्र तेथेही पद निघाल्याशिवाय अर्ज करता येत नाही.

दाद कोठे मागावी?

पदोन्नतीत डावलले गेल्याची भावना झालेला परभणीचा डॉक्टर प्रथम अभिवेदन देतो. त्याचे उत्तर येईल या आशेवर तो दुसरे देतो, मग तिसरे. येथेच मुदत हातची जाते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ हे त्याच्यासाठीचे दाद मागण्याचे ठिकाण आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. अभिवेदनावर सहा महिने निर्णय झाला नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष मिळते. स्मरणपत्रे पाठविल्याने ही मुदत वाढत नाही.

अर्जासोबत ज्येष्ठता यादीचे संबंधित पान, त्यावर घेतलेली हरकत व तिची पोच, पाच वर्षांच्या अहवालांच्या प्रती आणि ज्या कनिष्ठ अधिकाऱ्याला पदोन्नती मिळाली त्याचा आदेश एवढे कागद लागतात. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि स्वतःसंबंधीच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असणे अपेक्षित आहे. ती ज्या डॉक्टरांनी दरवर्षी अद्ययावत करून घेतली आहे, त्यांचे काम न्यायाधिकरणातही आणि कोषागारातही लवकर होते. निवृत्तीनंतर मानीव दिनांक मंजूर झाला तर वेतननिश्चिती नव्याने करून निवृत्तिवेतनाचे सुधारित प्रकरण महालेखापाल कार्यालयाकडे जाते. मराठवाड्यातील प्रकरणे त्या कार्यालयाच्या नागपूर शाखेत पाहिली जातात.